जुनी छोटी गाडी घेताना: ती कशी वापरली गेली, हे ओळखायचं कसं?

माझी पहिली जुनी गाडी बघायला गेलो तेव्हा बोनेट कोमट लागलं. मालक म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली होती." मला ते अगत्य वाटलं. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली, आवाज गुळगुळीत, धूर नाही. सौदा झाला. चार महिन्यांनी थंडी पडली आणि रोज सकाळी सायलेन्सरमधून निळा धूर निघायला लागला. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल झिरपत होतं. गरम इंजिन चालू करताना ते दिसणं शक्यच नव्हतं, आणि अगत्य कशासाठी होतं हे तेव्हा कळलं.

त्यानंतर स्वतःसाठी आणि ओळखीच्या लोकांसाठी बऱ्याच गाड्या पाहिल्या. "कोणतं मॉडेल भरवशाचं?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. नवीन गाडी घेताना तो ठीक आहे. आठ-दहा वर्षं चाललेल्या गाडीच्या बाबतीत मात्र मॉडेलचं नाव मागे पडतं आणि ती कोणाच्या हातात, कशी चालली हे पुढे येतं. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या दोन गाड्यांपैकी एक अजून दहा वर्षं कुरकुर न करता चालेल आणि दुसरी दर महिन्याला गॅरेजला जाईल.

छोट्या गाडीला हे जास्तच लागू पडतं. छोटी गाडी बहुतेक वेळा घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारते. तेवढ्यात इंजिन नीट तापत नाही. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, साधारण ९० अंशांवर जाऊन स्थिरावायला हवं, त्याआधीच गाडी बंद होते. ऑइलमध्ये आलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, सायलेन्सर आतून गंजतो, बॅटरी कधी पूर्ण भरत नाही. घरातलं कोणी ना कोणी तिच्यावरच गाडी शिकतं, म्हणजे क्लचचे हाल. शिवाय गाडीची किंमत उतरली की मालक दुरुस्ती पुढे ढकलतो, कारण बिल गाडीच्या किमतीच्या मानाने फार मोठं वाटायला लागतं. म्हणून चाळीस हजार किलोमीटर चाललेली शहरातली गाडी आणि सव्वा लाख किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर चाललेली, वेळेवर सर्व्हिसिंग झालेली गाडी यांत मी डोळे झाकून नाही, पण बहुतेक वेळा दुसरी निवडेन.

जाण्याआधी फोनवर

अर्धी गाळणी इथेच होते. गाडी किती वर्षं तुमच्याकडे आहे, शेवटचं मोठं काम कोणतं झालं, क्लच कधी बदलला, टायमिंग बेल्ट (इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा) बदलला का, आणि गाडी का विकताय, एवढं विचारा. उत्तरापेक्षा ते किती नेमकं आहे ते ऐका. "मागच्या वर्षी पुढचे ब्रेक पॅड आणि डाव्या बाजूचं व्हील बेअरिंग बदललं" म्हणणारा माणूस गाडीकडे लक्ष देणारा असतो. "काहीच काम नाही, घ्या आणि चालवा" याचा बहुधा अर्थ असा की त्याने काही केलेलंच नाही.

मग स्पष्ट सांगा: सकाळी येतो, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. दिवसाउजेडी जा. पाऊस पडत असेल किंवा गाडी नुकतीच धुतलेली असेल तर रंगातले डाग आणि ओरखडे लपतात.

त्या मॉडेलच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे आधी शोधून ठेवा. बेल्ट असेल तर तो ठरावीक किलोमीटरला किंवा ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, आणि यांतलं जे आधी येईल ते धरायचं. गाडी कमी चालली म्हणून रबर म्हातारं व्हायचं थांबत नाही. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि सगळं इंजिन खोलावं लागतं. काही अलीकडच्या तीन सिलिंडरच्या छोट्या इंजिनांत बेल्ट ऑइलमध्येच बुडालेला असतो. तिथे चुकीचं ऑइल घातलं किंवा ऑइल बदलायला उशीर केला तर बेल्टचे कण सुटून ऑइलची जाळी तुंबते. अशा गाडीला बिलं नसतील तर मी बघायलाही जात नाही.

कागद आणि मीटर

मालकी, कर्ज, विमा यांचे नियम जिथले तिथले असतात. ते तपासायचेच, पण मला त्याहून बोलकी वाटते ती सर्व्हिसिंगच्या बिलांची जुनी फाईल. बिलं तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येकावरचा किलोमीटरचा आकडा वाचत जा. तो चढतच जायला हवा. मध्येच तीन वर्षं एकही बिल नसेल तर गाडी तेव्हा कुठे होती ते विचारा.

चासी नंबर कागदावरचा, पत्र्यावर कोरलेला आणि काचेखाली पट्टी असेल तर तिच्यावरचा, सगळीकडे एकच हवा. तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गल्लत करतात. कोरलेल्या नंबराभोवती घासल्याच्या किंवा नवीन रंगाच्या खुणा असतील तर विषय तिथेच संपला.

मीटर मागे फिरवणं आज लॅपटॉपवर होतं आणि काही मिनिटांत होतं, त्यामुळे मीटर पाहून काही सिद्ध होत नाही. झीज बघायची. ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, जिच्यावर माणूस चढता-उतरताना दरवेळी घासतो, ती कव्हर बाजूला करून पाहा. स्टिअरिंगचा वरचा भाग गुळगुळीत चकाकतोय का? क्लच पेडलच्या रबरावरच्या रेघा उरल्यात का? मीटर तीस हजार दाखवतंय आणि पेडलचं रबर एका बाजूने सपाट झालंय, हे जुळत नाही. त्याहून संशयास्पद म्हणजे जुन्या, मळलेल्या गाडीत तिन्ही पेडलना कोरं रबर.

टायरही मीटरची साक्ष देतात. टायरच्या बाजूला डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर वीस हजार, आणि चारही टायर २०२२ चे, तर पहिले टायर एवढ्यात कसे संपले? टायर फुटतात, चोरीला जातात, पण चारही? स्टेपनीचा आकडाही बघा. ती बहुतेक वेळा कारखान्यातलीच असते.

पत्रा

ओरखडे आणि बारीक डेंट सोडून द्या. शोधायचं आहे ते मोठं ठोकलेलं. गाडीपासून चार पावलं लांब उभं राहून बाजूने तिरकं बघा, दारं आणि फेंडर यांमधल्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का. बोनेट उघडून फेंडरचे आणि बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. कारखान्यात बोल्टवरही रंग बसलेला असतो. त्याच्या कडांवरचा रंग उडालेला दिसला तर पाना लागलाय, म्हणजे तो भाग काढला होता.

एक पातळ, लवचिक चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. पुट्टी जाड असेल तिथे तो धरत नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम: कारखान्याचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो, ३०० च्या पुढे गेला तर पुन्हा रंगवलंय, आणि हजाराच्या घरात गेला तर खाली पुट्टी आहे. मात्र दाराला पुन्हा रंग दिलाय एवढ्याने गाडी बाद होत नाही. बाद होते ती पुढच्या दोन लांब पट्ट्या, म्हणजे इंजिन ज्यांच्यामध्ये बसतं त्या, चुरगळून पुन्हा सरळ केलेल्या असतील तर. टॉर्च मारून त्यांच्यावर सुरकुत्या, ओबडधोबड वेल्डिंग किंवा एकाच बाजूला ताजा काळा रंग दिसतोय का ते पाहा. एक हेडलाइट पिवळट आणि दुसरा कोरा, हीदेखील त्याच गोष्टीची खूण.

गंज वरवरचा असेल तर घासून निघतो. दारांखालच्या उंबऱ्याच्या पट्टीत, शॉकअप जिथे बॉडीला बसतो तिथे आणि मागच्या चाकांच्या कमानीत आत शिरलेला असेल तर तो थांबत नाही. तिथे बोटाने दाबा, पत्रा कुरकुरला तर परत फिरा.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. विक्रेता सीट धुतो, कार्पेट बदलतो, पण गुंडाळलेल्या पट्ट्याचा आतला भाग कोणी धूत नाही. तिथे मातीची आडवी रेघ असते. मग सीटच्या रुळांवर आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर गंज बघा. अशी गाडी आज उत्तम चालेल. वर्षभराने वायरिंगचे सांधे हिरवे पडले की कुठला दिवा कधी बंद पडेल याचा नेम नसतो.

थंड इंजिन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आधी बोनेटवर तळहात ठेवा. कोमट असेल तर नम्रपणे सांगा की संध्याकाळी किंवा उद्या परत येतो.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काढा, पुसा, पुन्हा घालून काढा. ऑइल काळं असणं हा गुन्हा नाही, डिझेलमध्ये तर ते बदलल्यावर लगेच काळं होतं. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर मात्र हा माणूस बोनेट उघडत नाही, हे कळलं. थेंब बोटांत चोळा, चुरचुरीत कण लागायला नकोत. ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. झाकणाला पांढरट-पिवळा साय आल्यासारखा थर असेल तर दोन शक्यता असतात. एक निरुपद्रवी: छोट्या फेऱ्यांमुळे साचलेली वाफ. दुसरी महाग: हेडगॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं सील) गेलंय आणि कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय. डिपस्टिकवरही तसाच दुधट रंग असेल, किंवा कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग असेल, तर दुसरी समजा. झाकणाखाली कडक, जळकट काळा थर जमलेला दिसला तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. मला हे लक्षण धुरापेक्षा जास्त खटकतं.

कूलंटची टाकी इंजिन थंड असतानाच उघडायची, गरम कधीच नाही. आत रंगीत, स्वच्छ द्रव हवा. नुसतं गढूळ, गंजकट पाणी असेल तर कूलंट गळत होतं आणि कोणीतरी नळाचं पाणी भरत राहिलं.

आता किल्ली फिरवा, पण इंजिन चालू करू नका. डॅशबोर्डवर इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस, एअरबॅग हे सगळे दिवे लागले पाहिजेत. हो, लागले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही त्याची तक्रार लपवण्यासाठी बल्ब काढलेला किंवा वायर तोडलेली असू शकते. एअरबॅगचा दिवा इतर दिव्यांबरोबर लागून काही सेकंदांत स्वतःहून विझला पाहिजे. तो दुसऱ्या एखाद्या दिव्याबरोबरच विझत असेल तर दोघांची वायर एकत्र जोडल्याचा संशय घ्या.

चालू करायला मालकाला सांगा आणि तुम्ही मागे सायलेन्सरपाशी उभे राहा. पहिली दहा सेकंदं फार मोलाची असतात. सुरुवातीला पांढरी वाफ आणि थोडं पाणी येणं नैसर्गिक आहे. गाडी तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. निळसर म्हणजे ऑइल. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, हे बहुतेक वेळा स्वस्तात सुटतं. चालू होताच दोन-तीन सेकंद पत्र्याचा डबा हलवल्यासारखी खडखड आली आणि मग शांत झाली तर टायमिंग चेन सैल झाली असेल. पुढे येऊन ऐका. तीन सिलिंडरचं इंजिन जन्मतःच जरा थरथरतं, त्याला दोष देऊ नका. पण थरथर एकसारख्या लयीत हवी. मध्येच ठोका चुकत असेल तर गाडी मिसिंग करते आहे.

आता तिला जागेवर वीस मिनिटं चालू ठेवा. एसी बंद असताना रेडिएटरचा पंखा आपणहून लागेपर्यंत थांबा. तापमानाचा काटा मध्यावर जाऊन स्थिर राहिला आणि पंखा लागून बंद झाला, म्हणजे थर्मोस्टॅट, सेन्सर आणि पंखा तिन्ही ठीक. घाईच्या माणसाला ही वीस मिनिटं फार लांब वाटतात, आणि तापणारी गाडी नेमकी त्याच्याच गळ्यात पडते. तेवढ्या वेळात काचा, वायपर, लॉक सगळं चालवून बघा. मग एसी लावा: आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या फिरण्याचा वेग, क्षणभर पडून सावरला पाहिजे.

रस्त्यावर

रेडिओ बंद, काचा खाली, किमान अर्धा तास. मालकाला गप्पा आवडत असतील तर विनंती करून थांबवा.

क्लचपासून सुरुवात करा. पेडल सोडताना गाडी अगदी वरच्या टोकाला पकडत असेल तर प्लेट संपत आलीय. खात्रीसाठी चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम भसकन वर गेला आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना करकर येत असेल तर गिअरबॉक्सच्या आतली झीज आहे, आणि ते काम क्लचसारखं ठरलेल्या खर्चात बसत नाही. ऑटोमॅटिक असेल तर चढावर थांबून पुन्हा हळूच निघा. धक्के, थरथर किंवा गिअर पडण्याआधीचा लांब विचार, तिन्ही वाईट.

मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरा. कटकट असा ठेका आला तर ॲक्सलचा जॉइंट गेलाय. साठच्या वर घूं आवाज येत असेल आणि हलक्या वळणावर तो कमी-जास्त होत असेल तर व्हील बेअरिंग. वळणाने न बदलणारा आवाज बहुतेक वेळा टायरचा असतो. सरळ, सपाट रस्त्यावर हात सैल सोडून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली धडधडलं तर डिस्क वाकडी झालीय. खड्ड्यातून हळू जाताना येणारा टक-टक आवाज बहुतेक वेळा लिंक रॉडसारख्या छोट्या भागाचा असतो, त्याने घाबरू नका.

एक शेवटची युक्ती, माझ्या पहिल्या गाडीने शिकवलेली. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा, थोडं खाली जाऊ द्या, मग जोरात दाबा आणि आरशात बघा. त्या क्षणी मागे निळा ढग दिसला तर व्हॉल्व्ह सील. जोर लावून चढ चढताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टन रिंग, म्हणजे इंजिन खोलायचं.

परत आल्यावर

बंद करून दहा मिनिटांनी गाडी पुन्हा चालू करा, काही गाड्या गरम असतानाच रुसतात. खाली वाकून ताजा थेंब पडलाय का बघा.

मग स्कॅनर जोडा. स्टिअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट असतं आणि मोबाईलशी जोडता येणारे साधे स्कॅनर सहज मिळतात. नुसते फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाड, पाहून थांबू नका, कारण विकण्याआधी ते पुसलेले असू शकतात. 'रेडिनेस मॉनिटर' हा भाग उघडा. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. अनेक मॉनिटर 'अपूर्ण' दिसले तर विचारा, बॅटरी कधी काढली होती? उत्तर पटलं नाही तर आठवड्याने येऊन पुन्हा स्कॅन करा.

इतकं सगळं जमलं तरी पैसे देण्याआधी गाडी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवा. विक्रेत्याच्या ओळखीचा नको. त्याला नुसतं "बघून दे" म्हणू नका. चाकांचा प्ले (ढिलेपणा), ॲक्सलचे फाटलेले रबर बूट, इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातली गळती आणि जमलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायला सांगा. सिलिंडरांतला फरक दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. लिफ्टवर न्यायला विक्रेत्याने नकार दिला तर त्याचं कारण शोधत बसू नका.

टायर, बॅटरी, ब्रेक, शॉकअप, अगदी क्लचसुद्धा घासाघीस करायच्या यादीत टाका. खर्च आधी विचारून घ्या आणि किमतीतून वजा करायला लावा. तापणारं इंजिन, करकरणारा गिअरबॉक्स, वाकलेली चासी, पाण्यात बुडाल्याच्या खुणा आणि छेडछाड केलेले डॅशबोर्डचे दिवे यांवर मात्र सूट मागू नका, किल्ली परत द्या.

गाडी घेतलीच तर पहिल्या आठवड्यात ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून टाका. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं आणि दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, पण जुन्या गाडीत ते क्वचितच बदललेलं सापडतं. टायमिंग बेल्टचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. मग पहिले हजार किलोमीटर दर रविवारी, गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना, डिपस्टिक बघून पातळी लिहून ठेवा. धड इंजिनात ही रेघ जवळपास हलत नाही. प्रत्येक रविवारी ती थोडी खाली जात असेल तर ऑइल कुठे जातंय, ते जमिनीवरच्या डागावरून किंवा सायलेन्सरच्या टोकाशी जमणाऱ्या चिकट काजळीवरून कळतं.